पाठीवरचा पंप अन् इंजिनातला फवारा: नोझल तेच, मग वेळेनं काय बदलते?

सध्या पऱ्हाटीवरच्या फवारण्या जोरात सुरू आहेत, त्यामुळं माझ्या दुकानात रोज चार-पाच पंप येऊन पडतात. दुकान म्हणजे तालुक्याच्या रस्त्यावर टिनाचं शेड, मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेलं, ट्रॅक्टरपासून फवारणी पंपापर्यंत जे येईल ते करतो. परवा गावातले एक काका पाठीवरचा पेट्रोलचा पंप घेऊन आले, तोच तो, इंजिनच्या पंख्यानं हवेचा झोत मारून औषध फेकणारा. सुरू केला तर निळा धूर न कच्च्या पेट्रोलचा वास. बाजूला माझा भाचा बसला होता, तो अमरावतीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून राहिला, न त्याला प्रोजेक्टला विषय भेटला की हवेच्या मदतीनं फवारलेल्या इंधनावर इंजेक्शनच्या वेळेचा काय परिणाम होते. त्यानं तो मोठ्यानं वाचला न काका लगेच म्हणाले, "अबे, पेट्रोल फवारते म्हणजे आपल्या पंपासारखंच ना? नोझल तेच, औषध तेच, मंग वेळ कोणतीबी असो, फवारा तर तोच निंगन!"

नाही निंगत काका. तोच निंगत नाही, हीच तर सारी गंमत आहे. त्या दिवशी दोन चहा होईपर्यंत जे बोलणं झालं ते इथं लिहून ठेवतो, कारण २०२० मध्ये बीएस सिक्स, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, आल्यापासून बाइकमधला कार्बोरेटर गेला न इंजेक्टर आला, तेव्हापासून हे "पेट्रोल फवारते" प्रकरण गावातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात अर्धवट बसलेलं आहे.

## आधी पंपाकडंच बघा

हवेच्या पंपात औषध स्वतःच्या जोरावर फुटत नाही. टाकीतून ते नळीनं हळूहळू तोंडापाशी येते, तिथं पंख्याची हवा जोरात चाललेली असते, न ती हवा त्या औषधाच्या चिंध्या करते. तपासायचं असंन तर टाकीत साधं पाणी घ्या, इंजिन हळू ठेवा न औषधाचा कॉक उघडा. तोंडातून टपोरे थेंब गळतील, पायावर पडतील. आता रेस द्या. तेच पाणी, तेच तोंड, पण धुकं निंगते. म्हणजे थेंब किती बारीक होईन हे हवेच्या वेगावर आहे. पाण्याला स्वतःला गोळा राहायचं असते, हवा त्याला फाडू पाहते, न ज्याचा जोर जास्त त्याचं चालते.

इंजिनातही नेमकं हेच करता येते. एका छोट्या कप्प्यात दाबलेली हवा ठेवायची, साधारण साडेसहा बार. बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप, बाइकच्या टायरात तीस पौंड हवा भरली तर ती दोन बार झाली, न साडेसहा म्हणजे ट्रकच्या टायरच्या जवळपास. त्या कप्प्यात एक इंजेक्टर मोजून पेट्रोल टाकते, मग दुसरा इंजेक्टर, ज्याला हवेचा इंजेक्टर म्हणू, तो उघडते न हवा-पेट्रोल दोन्ही मिळून सिलिंडरमध्ये घुसतात. घुसताना हवा पेट्रोलचे तुकडे करते. एवढंच आहे.

हे थेंब दहा मायक्रॉनच्या आत-बाहेर येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड धरा, न थंडीत तुरीवर जी धुवारी उतरते तिचे थेंब दहा-वीस मायक्रॉनचे.

बारीक थेंबाचं एवढं कौतुक काहून, तर शंभर मायक्रॉनचा एक थेंब फोडून दहा-दहा मायक्रॉनचे केले तर एकाचे हजार होतात. पेट्रोल तेवढंच, पण हवेला लागणारी वरची कातडी दहा पट वाढते. न एक-एक थेंब वाळायला लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गानं कमी होते, म्हणजे दहा पट बारीक थेंब शंभर पट लवकर उडून जाते. पेट्रोल पातळ असताना जळत नाही हो, त्याची वाफ जळते, म्हणून आधी ते उडालं पायजे.

## घाई कशाची आहे

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असंन तर एका फेऱ्याला लागतात वीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. फेऱ्याचे अंश तीनशे साठ. म्हणजे एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. मेकॅनिक लोक जे "टायमिंग वीस अंश पुढं घे" म्हणतात ते एवढ्या बारीक वेळेबद्दल बोलून राहिलेले असतात, न बोलताना तंबाखू मळत असतात.

न या वीस मिलिसेकंदात सिलिंडरच्या आतली हवा काही एका जागी शांत बसलेली नसते. पिस्टन, म्हणजे सिलिंडरात वर-खाली होणारा दट्ट्या, खाली असताना आत प्रेशर जेमतेम एक बार, म्हणजे आपल्या वावरातल्या हवेएवढंच. पिस्टन वर चढू लागला की हवा दाबल्या जाते. अडीच पट दाबल्या गेली की सव्वातीन-साडेतीन बार, सव्वाचार पट दाबल्या गेली की साडेसहाच्या घरात. आता लक्षात आलं का? आपल्या कप्प्यातली हवा साडेसहा बारची. म्हणजे पिस्टन जसजसा वर येते तसतसं समोरून ढकलणारं प्रेशर वाढत जाते, न आपल्या फवाऱ्याला पुढं ढकलणारा फरक घटत जाते. नोझल तेच, पेट्रोल तेच, पण समोरचं जग बदललं. काकांना मी म्हटलं, तुम्ही मोकळ्या वावरात फवारा न दाट झालेल्या पऱ्हाटीत फवारा, झोत तेवढाच आत जाते का? ते म्हणाले, "हॅ, दाट पराटीत तर दोन हातावर मरते." बस, हेच.

## लवकर सोडलं तर

पिस्टन खाली असताना सोडलं तर समोर एक बार न मागून साडेसहा. फरक एवढा मोठा की हवेच्या इंजेक्टरच्या तोंडाशी वेग आवाजाच्या वेगाला टेकते. याची एक मजेशीर गोष्ट आहे, समोरचं प्रेशर मागच्याच्या साधारण निम्म्याच्या खाली आहे तोपर्यंत ते अजून कितीबी कमी करा, जास्त हवा जात नाही, तोंड जितकं सोडू शकते तितकंच सोडते. म्हणून लवकरच्या वेळेत फवारा दर फेऱ्याला सारखा येते, भरवशाचा असते. थेंब बारीक, झोत लांब, सिलिंडरभर पसरते, न ठिणगी पडायला अजून लय वेळ असते म्हणून पेट्रोल हवेत चांगलं मिसळून जाते. गाडीला पूर्ण ताकद लागते, चढावर, भरलेली बंडी ओढताना, तेव्हा असंच पायजे, सिलिंडरचा कोपरा न कोपरा वापरल्या गेला पायजे.

पण लांब झोताचं दुखणंही आहे. समोर अडवायला दाट हवा नाही म्हणून थोडं पेट्रोल थेट पिस्टनच्या डोक्यावर किंवा भिंतीवर जाऊन बसते. ओल्या भिंतीवरचं पेट्रोल वेळेत उडत नाही, मग ते नीट जळत नाही, काजळी करते नाहीतर न जळता धुरात जाते. थंड इंजिनात हे जास्त.

## उशिरा सोडलं तर

इथं एसटीचं उदाहरण बरं पडते. रिकाम्या एसटीत चढणारा माणूस पळत जाऊन मागच्या सीटवर बसते. बाजाराच्या दिवशी तीच एसटी, तोच माणूस, तेवढाच जोर, पण तो दरवाजापाशीच राहते, न त्याच्यामागचा त्याला चिकटून. उशिरा सोडलेला फवारा असाच दरवाजापाशी गोळा होते. हवा दाट झालेली, झोत आखूड, कडेकडेनं हवा त्याला गुंडाळते न छोटे भोवरे तयार होतात, न पेट्रोलचा एक ढग स्पार्क प्लगच्या आसपास थांबते.

हे वाईट आहे असं नाही, बरेचदा मुद्दाम असंच करतात. गाडी नुसती उभी आहे, न्यूट्रलवर, तेव्हा पेट्रोल थोडंसं लागते. ते साऱ्या सिलिंडरभर पसरवलं तर इतकं पातळ होईन की ठिणगी पडूनही पेटणार नाही. पेट्रोल नीट जळायला एक किलोला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. तेवढंसं पेट्रोल प्लगजवळ ढग करून ठेवलं तर ढगात हे प्रमाण बरोबर बसते, बाकी सिलिंडरमध्ये नुसती हवा असली तरी चालते. चुलीत काड्या साऱ्या अंगणात पसरवून पेटवत नाही आपण, एका जागी रचतो, तसं.

धोका दोन बाजूनं आहे. एक तर मिसळायला वेळ राहत नाही, ढगाच्या मधात पेट्रोल घट्ट न हवा कमी, तिथं काजळी. दुसरं, मागचं-पुढचं प्रेशर जवळ आलं की हवेचा वेग उतरते, वेग उतरला की फोडायची ताकद उतरते, न नेमकं जेव्हा वेळ कमी आहे तेव्हाच थेंब मोठे व्हायला लागतात. अजून उशीर केला तर सिलिंडरचं प्रेशर कप्प्याच्या वर जाते न उलटंच होते, सिलिंडरमधली गरम हवा इंजेक्टरच्या कप्प्यात घुसते. एसटीत चढायला गेलो न आतल्या लोकांनीच बाहेर फेकलं. त्यामुळं या पद्धतीत उशिराला एक पक्की हद्द आहे, ती हवेच्या प्रेशरनं ठरते, कॉम्प्युटरच्या मर्जीनं नाही.

## थांबा, इथं वेळा दोन आहेत

भाच्याला हेच कळत नव्हतं, न खरं सांगू तर मलाही दोनदा वाचावं लागलं. साध्या इंजेक्टरला एकच वेळ असते, कधी उघडायचं. हवेच्या मदतीच्या फवाऱ्यात दोन आहेत, पेट्रोल कप्प्यात कधी टाकायचं न हवेचा दरवाजा कधी उघडायचा. न या दोघांमधलं अंतर स्वतंत्र काम करते.

पुन्हा पंपाकडं या. तुम्ही रेस द्यायच्या आधी औषधाचा कॉक उघडून ठेवला न मग रेस दिली तर काय होते? "भळकन येते," काका म्हणाले, "एका झाडावर अर्धा गिलास." बरोबर. नळीत जमून बसलेलं औषध पहिल्या झोतात एकदम निंगते, न मग धुकं सुरू होते. इंजिनात पेट्रोल आधी टाकून हवेचा दरवाजा बऱ्याच वेळानं उघडला तर तसंच, फवाऱ्याचं डोकं जड न घट्ट, शेपूट हलकी न पातळ. पहिले थेंब जरा मोठे, ते पुढं जाऊन पडतात. शिवाय वाट बघत बसलेलं पेट्रोल कप्प्याच्या भिंतीला चिकटते ते वेगळंच.

मग पेट्रोल दरवाजा उघडा असतानाच टाकलं तर? हवा चालू आहे, त्यात पेट्रोल पडत जाते, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखं वाटल्या जाते. फवारा छान. पण पेट्रोल टाकायला जरासा उशीर झाला न दरवाजा बंद झाला, तर शेवटचं पेट्रोल कप्प्यातच अडकते न ते पुढच्या फेऱ्यात जाते. या फेऱ्यात कमी, पुढच्यात जास्त, इंजिन हुंदके देत चालते. माझ्या मते या साऱ्या विषयात खरं कसब इथंच आहे, लोक मात्र "लवकर का उशिरा" एवढ्यावरच भांडतात.

हे सारं दिसते कसं, असं काकांनी विचारलं, कारण लोखंडाच्या आत कोण पाहून राहिलं. प्रयोगशाळेत सिलिंडरला जाड काचेची खिडकी ठेवतात, लेझरचा पातळ पडदा आत सोडतात न सेकंदाला हजारो फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यानं थेंबावरून परतलेला उजेड टिपतात. रात्री बॅटरीच्या उजेडात पाऊस कसा दिसते, तसं. किंवा इंजिनच नको म्हणून एका बंद डब्यात एक बार, तीन बार, पाच बार असं प्रेशर भरून त्यात फवारा सोडून पाहतात, म्हणजे पिस्टनची वेगवेगळी जागा डब्यातच बनवल्यासारखं होते.

## हे कोणाला सुचलं?

कल्पना जुनी आहे. १८९७ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी झालं ते हवेनंच इंधन फुंकत होतं, अन् तेही साठ-सत्तर बारच्या हवेनं, कारण त्याला पिस्टन अगदी वर असताना, सिलिंडरात आधीच भयानक प्रेशर असताना इंधन आत टाकायचं होतं. वरती सांगितलेली हद्द आठवा, उशिरा टाकायचं तर हवा तितकीच दाबलेली पायजे. त्यासाठी इंजिनाला एक धिप्पाड कॉम्प्रेसर जोडावा लागे. १९२७ पासून जर्मनीच्या बॉश कंपनीचे चांगले इंधन पंप मिळू लागले न नुसत्या इंधनाच्याच प्रेशरनं काम भागायला लागलं, मग हवा मागं पडली.

ती परत आली ऑस्ट्रेलियातून, पर्थच्या राल्फ सारिच नावाच्या माणसामुळं. त्यानं १९७० च्या दशकात एक वेगळंच गोल फिरणारं इंजिन काढलं, लय गाजलं, पण ते इंजिन काही बाजारात चाललं नाही. त्याच्या ऑर्बिटल कंपनीनं पुढं जी हवेच्या मदतीची इंजेक्शन पद्धत बनवली ती मात्र टिकली. बोटींच्या दोन-स्ट्रोक इंजिनात गेली, युरोपात स्कूटरमध्ये गेली, न २००७ च्या सुमारास आपल्या बजाजच्या दोन-स्ट्रोक ऑटोरिक्षातही आली.

## दोन-स्ट्रोकलाच काहून?

काकांच्या पंपातला तो पेट्रोलचा वास, तो इथं येते. दोन-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर ढकलायला वेगळा फेरा नसते. पिस्टन खाली आला की धुराचं दार उघडते, मागोमाग ताज्या मालाचं दार उघडते, न ताजा माल आत येता येता जुन्याला बाहेर लोटते. दोन्ही दारं एकदम उघडी. लग्नात पहिली पंगत उठली नाही तोच दुसरी आत सोडली तर काही लोक पत्रावळीजवळ न बसता गर्दीबरोबर मागच्या दारानं बाहेर निंगतात, तसं. कार्बोरेटरमध्ये ताजा माल म्हणजे हवा न पेट्रोल आधीच मिसळलेलं, म्हणून जे बाहेर जाते त्यात तुमचं पेट्रोल असते, कधी कधी शंभर रुपयातले पंचवीस-तीस रुपये.

उपाय सरळ आहे, धुलाई नुसत्या हवेनं करा न पेट्रोल धुराचं दार बंद झाल्यावर टाका. पण दार बंद व्हायला न ठिणगी पडायला मध्ये उरतो फेऱ्याचा छोटासा तुकडा. त्यात पेट्रोल फवारलं पायजे, उडालं पायजे, मिसळलं पायजे. मोठ्या थेंबाला हे जमणारच नाही. म्हणजे उशिरा टाकायची गरज होती म्हणून बारीक थेंब लागला, न कमी प्रेशरमध्ये बारीक थेंब पायजे म्हणून हवा लागली.

## "मंग प्रेशरच वाढवा ना, हवेचं झंझट काहून?"

हा प्रश्न भाच्याचा. वाढवतात ना. आजच्या पेट्रोल कारमध्ये थेट सिलिंडरात फवारणारे इंजेक्टर आहेत ते दोनशे-साडेतीनशे बारवर चालतात, डिझेलचे कॉमन रेलवाले दीड-दोन हजार बारच्याही वर जातात. त्यात हवा लागत नाही. पण तेवढ्या प्रेशरचा पंप, तेवढं बारीक छिद्र, तेवढं स्वच्छ इंधन, हे साऱ्याला पैसा लागते न छोट्या इंजिनाला त्याचं ओझंही सोसत नाही. हवेची पद्धत सहा-सात बारात काम करते. फक्त छोटा कॉम्प्रेसर लागते, दोन इंजेक्टर लागतात, न वर सांगितल्या त्या दोन वेळा सांभाळाव्या लागतात. प्रेशर वाढवलं तरी वेळेची भानगड सुटत नाही बरं, तिथंही लवकर टाकलं तर पिस्टन ओला न उशिरा टाकलं तर काजळी, हे आहेच.

रॉकेलसारखं जड इंधन, जे मुश्किलीनं उडते, ते ठिणगीच्या इंजिनात जाळायचं असलं तर हवेची पद्धत अजूनही कामाची आहे. लष्कराच्या छोट्या ड्रोनमध्ये असली इंजिनं आहेत. आपल्याकडं फवारणीला येते तो ड्रोन बॅटरीचा, त्याच्याशी याचा संबंध नाही, कारण हे विचारणारे तीन जण मला आत्ताच भेटलेत.

## "वीस टक्के इथेनॉलनं हे बिघडते का?"

पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल आलं, त्यावर पानटपरीवर जेवढी चर्चा झाली तेवढी तुरीच्या भावावर नाही झाली. फवाऱ्यापुरतं सांगतो. इथेनॉलला उडायला किलोमागं पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, न तेवढीच हवा जाळायला ते जास्त टाकावं लागते. म्हणजे फवारा जरा जास्त वेळ चालवायचा न त्याला उडायलाही थोडा जास्त वेळ द्यायचा, उशिराची बाजू अजून आखूड होते. थंडीत सकाळी हे जाणवू शकते. बाइकमधला कॉम्प्युटर यातलं बरंचसं स्वतः जुळवून घेते, जुना कार्बोरेटर नाही घेत.

## "मंग माझ्या पंपात बसवून दे ना"

शेवटी काका इथं आलेच. काका, तुमच्या पंपात धुराचं दार हे सिलिंडरमध्ये कापलेलं भोक आहे, कार्बोरेटर पिस्टनच्या खालून मिसळलेला माल देते, टायमिंग म्हणून फिरवायला त्यात ठिणगीशिवाय काहीच नाही. हवेचा इंजेक्टर बसवायचा तर कॉम्प्रेसर, सेन्सर, बॅटरी, छोटा कॉम्प्युटर, साऱ्याचं वजन तुमच्याच पाठीवर न किंमत दोन पंपांची. धूर कमी करायचा असंन तर ऑइल मापानं टाका, अंदाजानं बाटली पालथी करू नका.

न एक गोष्ट फवाऱ्याचीच, इंजिनाची नाही. बारीक थेंब इंजिनात चांगला, वावरात तो खाली पडत नाही, हवेत तरंगत राहते न तोंडा-नाकात जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता वीसच्या आसपास माणसं गेली, त्यात उंच वाढलेली पऱ्हाटी, वारा, औषधं, लय कारणं मिळून आली होती. काकांनी रुमाल तोंडाला बांधून दाखवला, मी म्हटलं रुमाल नाही, मास्क घ्या, न वारा पाठीकडून असंन तेव्हाच मारा.

"सकाळी मारतो," ते म्हणाले, "दहाच्या आत." प्लग साफ करून दिला, चाळीस रुपये झाले, तीस देऊन गेले.